मामा तलावावर फोटो काढायचे तर आधी पाळीवरून खाली उतरा

प्रश्न थोडक्यात असा: भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातल्या एका गावातले सात-आठ जण दर रविवारी सकाळी गावच्या मामा तलावावर (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला तलाव) निसर्गफेरीला जातात. एकाकडे कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे, बाकीच्यांकडे मोबाइल. वर्षभर फोटो काढले, पण पक्षी ठिपक्याएवढे येतात, बगळा पांढराफटक पडतो, पाणी राखाडी दिसतं आणि कमळाच्या फोटोत जीव नसतो. मोठी लेन्स घ्यावी का? आणि २ फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिवसाला गावात प्रदर्शन भरवायचं आहे, त्यासाठी काय काढावं?

लेन्स आत्ता घेऊ नका. भंडारा-गोंदियाच्या तलावांवर मी बावीस वर्षं कॅमेरा घेऊन फिरतोय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही लेन्सलाच दोष देत होतो. तुम्ही पाठवलेले फोटो नीट पाहिले. एक सोडून सगळे पाळीवरून, उभ्याने, चालता चालता काढलेले आहेत. तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

आपल्या तलावाची बांधणी एकदा डोळ्यांसमोर आणा. कोहळी लोकांनी हे तलाव बांधले ते उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ घालून. म्हणजे पाळीजवळ पाणी सगळ्यात खोल, आणि समोर, जिकडून ओढे येतात तिकडे, ते उथळ होत होत धानाच्या बांध्यांत नाही तर झुडपांत विरून जातं. फेरीला आलेला माणूस पाळीवरून चालतो, कारण वाट तिथेच असते. पण शेकाट्या, तुतवार, ढोकरी, चित्रबलाक हे पक्षी घोट्याएवढ्या पाण्यात चरतात, म्हणजे अगदी समोरच्या टोकाला. तुम्ही पाळीवरून जास्तीत जास्त लांबचा पक्षी टिपायला बघता, तोही दहा-बारा फूट उंचावरून. वरून पाहिलेल्या पक्ष्यामागे फक्त पाणी येतं, म्हणून तुमचं पाणी राखाडी आणि पक्षी चिकटवल्यासारखा दिसतो.

तोच पक्षी पाण्याच्या पातळीवरून पाहा. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर असला की पक्ष्यामागचं पाणी नजरेतून जवळजवळ नाहीसं होतं आणि त्याच्या मागे लांबचा काठ येतो. तो काठ लांब असल्यामुळे आपोआप धूसर होतो. पळसाची रांग असेल तर हिरवी धूसर, पिकलेलं धान असेल तर सोनेरी. ३०० च्या लेन्सवर हे सहज होतं, आणि तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने ती लेन्स साधारण ४५० सारखी चालते. तेवढी पुरे आहे.

आता खाली उतरायचं कसं, ते सांगतो. जुन्या पँटचा एक पाय गुडघ्यापासून कापा, एक बाजू शिवा, आत धान भरा आणि दुसरी बाजू घट्ट बांधा. हीच तुमची बीनबॅग. ती जमिनीवर ठेवून वर लेन्स टेकवली की हात हलत नाही. ट्रायपॉडपेक्षा तलावावर मला हीच जास्त उपयोगी पडली. खताचं रिकामं पोतं उसवून अंगाखाली अंथरा. काठाचा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पण खाली मऊ असतो, पाय मांडीपर्यंत जातो. काठीने टोचून पाहिल्याशिवाय पुढे सरकू नका आणि एकट्याने तर नकोच. पाण्यात दिवड दिसेल, ती बिनविषारी आहे, तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. काळजी घ्यायची ती पाळीवरच्या गवतातल्या घोणसाची, म्हणून पायात घोट्यावर येणारे बूट हवेत.

उतरल्यावर बसा. वीस मिनिटं. माझ्या सांगण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, आणि निसर्गफेरीत सगळ्यात अवघडही हेच, कारण फेरी म्हटलं की माणसं चालतात. तुम्ही सात-आठ जण ओळीने चालत गेलात की तलावावरच्या प्रत्येक पक्ष्याला एक लांबलचक प्राणी सरकताना दिसतो. टिटवी ओरडते, आणि तिने एकदा ओरडून सांगितलं की सगळ्या तलावाला बातमी लागते. अशा वेळी जिथे असाल तिथे खाली बसा आणि ती गप्प होईपर्यंत हलू नका. तुमच्या गटाचे दोन भाग करा. चौघांनी उथळ टोकाला दोन-दोनच्या जोडीने बसायचं, बाकीच्यांनी पाळीवर थांबून नोंदी करायच्या, पुढच्या रविवारी अदलाबदल.

बसल्यावर काय होतं, ते एका सकाळचं सांगतो. गेल्या जानेवारीत एका बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, सव्वासहाला जाऊन बसलो. पंधरा मिनिटं काहीच नाही, फक्त लांब पाण्यावर वारकरी. (कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे त्या काळ्या पाणपक्ष्याला हे नाव मिळालंय, आणि मला ते फार आवडतं.) मग उजवीकडच्या पाणकणसांतून हळदी-कुंकू बदकांची जोडी बाहेर आली. ती चरत चरत माझ्यापासून पंचवीस पावलांवर आली. चोचीच्या टोकाचं पिवळं आणि मुळाशी असलेले दोन लाल ठिपके दुर्बिणीशिवाय दिसत होते. मी एका जागी होतो म्हणून ती जवळ आली. मी त्यांच्याकडे गेलो असतो तर पन्नास पावलांवरूनच उडाली असती. ३०० च्या लेन्सवर त्या दिवशीची बदकं चौकटीत अर्ध्याहून जास्त भरली.

आणखी एक, तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांशी ओळख करून घ्या. पहाटे जाळं काढायला त्यांचा डोंगा जिथून निघतो आणि जिथे लागतो, त्या जागेच्या आसपासचे पक्षी माणसाला सरावलेले असतात. जाळ्यातून निसटलेल्या चिंगळ्यांसाठी बगळे तिथे घुटमळतात. कमळपक्षी कुठल्या कोपऱ्यात आहे, पाणी किती उतरलंय, गाळ कुठे खोल आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मात्र त्यांचे फोटो काढायचे तर आधी विचारा, आणि काढलेल्या फोटोची प्रत नेऊन द्या.

प्रकाशाचं सोपं आहे. सकाळी ऊन पाठीशी हवं असेल तर तलावाच्या पूर्वेकडच्या काठावर बसून पश्चिमेकडे पाहायचं. रंग, पिसं, डोळ्यातली चमक यासाठी हाच काठ. धुकं, उडालेले थेंब, गवताच्या कडा, काळ्या आकृत्या हव्या असतील तर उलट, पश्चिमेला बसून सूर्याकडे तोंड. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र आणि निवांत रात्र गेली की पहाटेची हवा पाण्यापेक्षा बरीच थंड होते आणि तलावातून वाफ निघते. सूर्य वर आल्यावर ती फार वेळ टिकत नाही, म्हणून अंधारात पोहोचून जागा धरा. नऊच्या सुमारास बहुधा वारा सुटतो आणि प्रतिबिंबं मोडतात. त्यानंतर चतुर आणि टाचण्या या काठावरच्या उडत्या किड्यांकडे वळा.

प्रतिबिंबाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्यात दिसणाऱ्या झाडावर फोकस करायचा तर तो पाण्याच्या पृष्ठभागावर नाही, समोरच्या खऱ्या झाडाच्या अंतरावर करावा लागतो. मध्ये कमळाचं पान आलं आणि कॅमेऱ्याने ते धरलं की पान स्वच्छ आणि प्रतिबिंब पुसट येतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत नेमकं हेच झालंय. पक्ष्याचं प्रतिबिंब घेताना खाली पुरेशी जागा सोडा. पायाशी कापलेला शेकाट्या डोळ्यांना खुपतो, कारण त्या पक्ष्याची सगळी गंमत त्या लांब गुलाबी पायांत आहे.

आता बगळा पांढरा का पडतो ते. हिरव्या-काळ्या पार्श्वभूमीवर बगळा चौकटीचा लहानसा भाग व्यापतो. कॅमेरा सगळी चौकट बघून ‘अंधार आहे’ असं ठरवतो आणि उजेड वाढवतो, त्यात बगळ्याची पिसं वाहून जातात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकवर न्या, फोटो काढा, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) पाहा, उजव्या भिंतीला आलेख चिकटला असेल तर आणखी खाली आणा. चमकत्या पाण्यावरच्या पाणकावळ्याला उलट, अधिक एक. मोबाइलवर बगळ्यावर बोट दाबून धरा, फोकस-उजेड लॉक होईल, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पिसांच्या रेषा दिसू लागल्या की थांबा. मोबाइलवाल्यांनी चिमटीने झूम करून पक्षी काढायचा नाद सोडावा. मोबाइलची ताकद दुसरीकडे आहे. पाण्याच्या अगदी जवळ, हात खाली नेऊन, कमळाचं पान पुढे आणि अख्खा तलाव मागे असा फोटो मोबाइलवर माझ्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला येतो. फक्त आधी लेन्स पुसा.

शटरचा वेग उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंद, चरणाऱ्याला १/८०० पुरे. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल.

कमळांबद्दल. तुमचे फोटो अकरा वाजताचे आहेत, डोक्यावरचं ऊन पाकळ्यांना मारून टाकतं. शिवाय पाण्यातल्या पांढऱ्या आणि लाल कुमुदांमधल्या बऱ्याचशा रात्री उमलतात आणि सकाळ चढली की मिटायला लागतात. तेव्हा आठच्या आत जा, किंवा ढगाळ दिवस निवडा. पाण्याखालची शेवाळं, मासोळ्या, कुमुदाचे लांब देठ दाखवायचे असतील तर पोलरायझर फिल्टर लावा. तो पृष्ठभागावरची चकाकी काढतो, पण त्याचा सगळ्यात चांगला परिणाम पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तर मिळतो. म्हणजे गाळात आडवं पडून तो कामाचा नाही. पाळीवर उभं राहून खाली पाहायचं ते याच कामासाठी. तो दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेडही खातो, हे ध्यानात ठेवा. मोबाइलवर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवा, फरक दिसेल.

चतुराला पाठलाग करून पकडता येत नाही. नर आपल्या हद्दीतल्या एखाद्या काडीवर बसतो, उडतो, आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच काडीवर येतो. काडी शोधा, तिच्यावर फोकस ठेवा आणि वाट पाहा. तुमची लेन्स ३०० वर जितक्या जवळून फोकस करते तितक्या जवळ हळूच सरका, सावली त्याच्यावर पडू देऊ नका. कडक उन्हात काही चतुर शेपटीसारखं पोट सरळ सूर्याकडे उभं करून बसतात, अंगावर कमी ऊन पडावं म्हणून. ती मुद्रा फार सुंदर दिसते. आणि पाणकणसाच्या देठावर, पाण्यापासून हातभर उंचीवर, चतुराची सोडलेली कात शोधा. तपकिरी, पोकळ, सहाही पाय देठाला घट्ट रोवलेले, पाठीवर उभी चीर, आणि त्या चिरेतून बाहेर लोंबणारे पांढरे धागे. ते धागे म्हणजे पाण्यातल्या आयुष्यात श्वास घ्यायच्या नळ्यांचं अस्तर. मोबाइलवर निघतो हा फोटो, आणि प्रदर्शनात त्याच्यापुढे माणसं सगळ्यात जास्त वेळ उभी राहतात, हे मी पाहिलंय.

आता जे बोलायला जड जातं ते. दहा-बारा वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, टिबुकलीच्या तरंगत्या घरट्याचा फोटो हवा म्हणून मी आणि एक मित्र बोडीत गुडघाभर पाण्यात शिरलो. टिबुकली घरट्यावरून उठते तेव्हा ओल्या वनस्पतींनी अंडी झाकून जाते, मग वरून पाहणाऱ्याला नुसता कुजका पुंजका दिसतो. आम्ही इतक्या अचानक समोर गेलो की तिला झाकायला वेळच मिळाला नाही, तिने बुडी मारली. चार पांढरट अंडी उघडी. आम्ही फोटो काढले आणि मागे फिरलो. पाळीवर पोहोचलो तेवढ्यात कावळा घरट्यावर उतरलेला दिसला. ते फोटो मी आजवर कुणाला दाखवलेले नाहीत. तेव्हापासून पावसाळ्यात घरट्याच्या दिशेने मी पाण्यात पाऊल टाकत नाही. लांबून बसल्या जागेवरून दिसेल तेवढंच.

कमळपक्ष्याचंही तसंच. जून ते सप्टेंबर त्याला लांब काळी शेपटी येते आणि तुमच्या तलावावर तो फोटोचा राजा असतो. पण त्या काळात अंडी उबवतो तो नर. मादी एकापेक्षा जास्त नरांशी जोडी करते आणि अंडी त्यांच्या हवाली करते. तरंगत्या पानांवरच्या त्या चार चकचकीत तपकिरी अंड्यांपासून तुम्ही नराला उठवलंत तर बदली बसायला कोणी नाही. तो पाय आपटत, पंख पसरून लंगडल्यासारखं करू लागला तर तो तुम्हाला घरट्यापासून दूर नेतोय, तो ‘छान पोज’ देत नाहीये. तिथून निघा.

सारस तुमच्या बाजूला कधी दिसलाच तर घरट्याची जागा कोणालाही सांगू नका, मोबाइलमधलं लोकेशन बंद करून मगच फोटो काढा. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ फक्त गोंदियात आणि लागून थोडा भंडाऱ्यात उरलाय, आणि तो बहुधा शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीतच घरटं करतो. आधी त्या शेतकऱ्याकडे जा. तो नको म्हणाला तर नको. ड्रोन तर कुठल्याच तलावावर उडवू नका.

पक्ष्यांना त्रास होतोय हे ओळखायची खूण माझ्यासाठी मान आहे. अडई, बदकं, वारकरी चरत असतात तेव्हा माना खाली. सगळ्यांच्या माना एकदम ताठ झाल्या आणि पाठ तुमच्याकडे करून सगळे एकाच दिशेला पोहू लागले की तुम्ही दहा पावलं जास्त आलात. हेच भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांच्या बाबतीत पाहिलंय. चरताना त्यांची डोकी पाण्यात उलटी असतात, होडी जवळ आली की सगळा थवा मान वर काढून एका बाजूला चालू लागतो. त्या क्षणी नावाड्याला इंजिन बंद करायला सांगावं. बरेच जण ‘अजून थोडं पुढे’ म्हणतात, मग थवा पाण्यावर धावत उडतो आणि सगळ्यांना पाठमोरे फोटो मिळतात.

ऋतूंचं नियोजन फार लांबवत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतरची एक-दोन दिवसं मात्र चुकवू नका. मोठ्या बेडकांचे नर तेव्हा हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, आणि काही दिवसांत तो रंग उतरतो. संध्याकाळी जा, टॉर्चवर रुमाल गुंडाळून मंद उजेड करा, फ्लॅश डोळ्यांत मारू नका. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर लोक तलावावर जायचं सोडतात, पण भेगाळलेला गाळ, त्यावरचे पक्ष्यांच्या पायांचे ठसे आणि उरलेल्या डबक्याभोवती जमलेले बगळे हे सगळं तेव्हाच मिळतं.

प्रदर्शनाचं म्हणाल तर नुसते सुंदर पक्षी टांगू नका. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून तो दिवस. त्या करारातल्या यादीत महाराष्ट्रातून २०२० मध्ये आधी नांदूर मधमेश्वर गेलं, मग त्याच वर्षी लोणार, आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी. तिथे फलक आहेत, येणारे-जाणारे आहेत, नोंदी आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा तलाव हजारोंनी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा दहा वर्षांपूर्वीचा एक फोटोसुद्धा कोणाकडे नाही. बेशरमीची झुडपं कुठवर आली होती, जलपर्णी कधी शिरली, गाळ काढल्यावर कमळं परत यायला किती वर्षं लागली, हे सांगणार कशावरून?

म्हणून हे करा. पाळीवर एक न हलणारा दगड निवडा, त्यावर चुन्याची खूण करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच दगडावर मोबाइल टेकवून, त्याच दिशेला, झूम न करता एक आडवा फोटो. चौकटीच्या डाव्या कडेला समोरचं एखादं मोठं झाड नेमकं बसेल असं बघा म्हणजे दरवेळी चौकट तीच येईल. मागे तारीख आणि पाण्याची खूण लिहा. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात (मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या वाढदिवसांमधला तो आठवडा) शाळेच्या मुलांना बरोबर न्या आणि त्या महिन्याचा फोटो त्यांना काढू द्या. फेब्रुवारीत जेवढे महिने झाले असतील तेवढे फोटो एका ओळीत, डोळ्यांच्या उंचीवर लावा, आणि त्यांच्याखाली त्या-त्या महिन्याचे पक्षी, चतुर, फुलं. नावं गावात म्हणतात तीच लिहा. ढिवर मंडळींना आणि म्हाताऱ्या माणसांना आधी बोलावून फोटो दाखवा, ते जी नावं सांगतील ती पेन्सिलीने खाली लिहून घ्या, मग छापा.

येत्या रविवारी दगडावरचा पहिला फोटो काढा, आणि त्यानंतर उथळ टोकाला जाऊन वीस मिनिटं बसा. तिथून काढलेला एक फोटो मला पाठवा, कसाही आला असला तरी. कोणत्या काठावर, किती वाजता आणि ऊन कुठल्या बाजूला होतं ते सोबत लिहा, म्हणजे पुढचं बोलता येईल.